बियाण्याच्या गीताची चाल

गंगापूरच्या अड्ड्यावर मोटार सुटायच्या आधी माय खाली उभी राहून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. रडायचं नाही, रडलं की घसा बसतो. बाकीच्या आया पोरांना वेळेवर जेव म्हणतात, कुणाशी भांडू नको म्हणतात. माझ्या मायला माझ्या घशाची काळजी. मला औरंगाबादच्या बोर्डिंगात शिकायला धाडतोय हे गावाला सांगायचं कारण होतं. घरातलं खरं कारण गाणं होतं.

पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती आणि मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून आठ. गावाच्या कडेला मातीच्या भिंतींचं, वर पत्रा टाकलेलं एक प्रार्थनाघर होतं. ते झाडण्यापासून रविवारी गीतं म्हणण्यापर्यंत तिथलं सगळं माझे वडील करायचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचो. आबांना अक्षरओळख नव्हती. गीतांचं पुस्तक ते कधीकधी उलटंच धरायचे, पण आतलं एकूण एक गीत त्यांना तोंडपाठ होतं आणि बहुतेक गीतांना त्यांनी स्वतः लावलेली चाल होती. एक ढोलकी, दोन टाळ, पुढं आबा आणि मागं आठ घरांतल्या बाया-माणसं. आमचा पांडू मामा ढोलकी वाजवायचा आणि माझी चुलतबहीण सालोमी अक्का बायांच्या पुढं उभी राहून म्हणायची. तिचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा.

मोटारीत आबा ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते. ट्रंक नवी होती, तिला ओरखडा पडेल म्हणून खाली ठेवायला तयार नव्हते. वाटेत ते एकदाच बोलले. "शांतू, निजाम गेला. आता आपल्याला बी वर जाता यील. तू तिथून नीट गानं शिकून ये. माझं गानं गावठी हाय." मला हे वाक्य त्या वेळी मुळीच लागलं नाही. उलट मी मोठा माणूस झाल्यासारखा खिडकीतून बाहेर बघत बसलो.

हे सगळं आता लिहायचं कारण असं की बोर्डिंगच्या माजी विद्यार्थी मंडळाचं पत्र आलंय. ते इथं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत माझ्या दारातून आत पडलं, पिझ्झावाल्यांच्या जाहिरातींबरोबर. पत्रावर शहराचं नवं नाव आहे, छत्रपती संभाजीनगर. मी मात्र औरंगाबादच लिहिणार, कारण मला सोडलं ते औरंगाबादेत. मंडळ स्मरणिका काढतंय आणि त्यांना माझ्याकडून 'चॅपल आणि कॉयरच्या गोड आठवणी' हव्या आहेत, दोन पानं, सोबत फोटो. फोटो पाठवतो. गोड आठवणी ज्यांच्याकडं असतील त्यांनी त्या जरूर द्याव्यात. माझ्याकडं जे आहे ते मी लिहितो, तुमच्यासाठी, म्हणजे बोर्डिंगातून निघून पुण्याला, मुंबईला, दुबईला पांगलेल्यांसाठी, आणि गावाकडं राहिलेल्यांसाठीही. छापायचं की नाही ते मंडळानं बघावं.

बोर्डिंग छावणीच्या बाजूला होतं. दगडी चॅपल, त्याला लागून पोरांच्या लांबलचक खोल्या, मागं विहीर आणि भाजीचे वाफे. पहाटे पाचला घंटा व्हायची. तोंडावर पाणी मारून चॅपलमध्ये जायचं, थंड फरशीवर मांडी घालून बसायचं, प्रार्थना, गीत, मग पाणी शेंदायचं, वाफ्यांना द्यायचं, मग ज्वारीची भाकरी आणि बुडाशी शोधावी लागणारी डाळ, मग शाळा. संध्याकाळी पुन्हा चॅपल. पोरं जालन्याची, वैजापूरची, सिल्लोडकडची. सगळी ख्रिस्ती नव्हती. माझ्या शेजारच्या वळकटीवर बिरू होता, सिल्लोडकडच्या धनगराचा. त्याच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं की आता उर्दूच्या जागी मराठी शाळा येणार, पोराला शिकव, तर त्यानं मेंढरं भावाच्या ताब्यात दिली आणि पोराला आणून सोडलं. बिरूनं बरोबर घोंगडी आणली होती. सुपरिटेंडंट साहेबांनी उवा असतील म्हणून ती उकळत्या पाण्यात घालायला लावली. लोकरीची घोंगडी ती, आकसून बसकराएवढी झाली. बिरू हिवाळाभर ती पाठीला लावून झोपायचा आणि पोट उघडं पडलं की आम्हाला शिव्या द्यायचा. याला आमचं एकत्र जीवन म्हणायचं असेल तर म्हणा. एकमेकांना ऊब आम्ही दिली, साहेबांनी नाही.

कॉयरची, म्हणजे चॅपलमध्ये गाणाऱ्या पोरांची, निवड दानिएल मास्तर करायचे. सडपातळ, फार स्वच्छ, हातात कायम एक बारीक छडी. त्यांनी मला म्हणायला सांगितलं तेव्हा मी आबांचं बियाण्याचं गीत म्हटलं, आबा म्हणायचे तसं, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वळवून. मास्तरांनी मध्येच थांबवलं. "ही भजनी हरकत इथं चालायची नाही. सरळ म्हण." मी सरळ म्हटलं आणि शेवटी आवाज आपोआप वळला. पोटरीवर छडी बसली. पुन्हा म्हटलं, पुन्हा वळला, पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी माझा आवाज वळायचा थांबला. मास्तर खूश झाले. "कान चांगला आहे. सेकंडमध्ये घ्या याला."

सेकंड म्हणजे काय ते ज्यांनी कॉयर पाहिलेली नाही त्यांना सांगितलं पाहिजे. बोर्डिंगात गीताला इंग्रजी चाल असायची आणि ते चार आवाजांत म्हणायचे. खरी चाल पहिल्या आवाजाकडं. तिसरा आणि चौथा मोठ्या मुलांकडं आणि मास्तरांकडं. दुसरा, म्हणजे सेकंड, पहिल्याच्या खाली राहून त्याला धरून चालायचा. त्याला स्वतःची अशी चाल नसते. एकाच सुरावर चार-पाच शब्द, मग अर्धी पायरी वर, परत तिथंच. चौघं मिळून म्हणाले तर कान तृप्त होतो, यात शंका नाही. पण सेकंड एकटा ऐकला तर माणूस पाढे म्हणतोय असं वाटतं. बिरू पहिल्यात होता. बायबल त्याला परकं, पण आवाज असा की मास्तरही छडी खाली ठेवून ऐकायचे. मला तो चिडवायचा, "तुमी सेकंडवाले म्हंजे खाली बसून शेपूट धरनारे."

आमचा सराव वेगळा व्हायचा, धान्याच्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये, फळ्यावर लिहिलेल्या डो-रे-मीवर. तीन-चार आठवडे फक्त आपली ओळ. मग सगळ्यांबरोबर उभं करायचे, आणि तेव्हा आमच्यासाठी एक नियम होता. पहिला आवाज ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूच्या कानात बोट घालायचं. चाल ऐकली की सेकंडवाला चालीकडं ओढला जातो, म्हणून चाल ऐकायचीच नाही. ओढला गेला की पोटरीवर छडी. असं करत चार वर्षांत मी पुस्तकातली जवळजवळ सगळी गीतं शिकलो आणि त्यातल्या एकाचीही चाल मला धड येत नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवतो. मास्तर म्हणायचे, सेकंड वेगळा ऐकू आला तर समजा तो चुकला. मी कधीच वेगळा ऐकू यायचो नाही.

नाताळला बाकीची पोरं घरी जायची, कॉयर थांबायची. कॉयरशिवाय नाताळची उपासना कशी होणार? म्हणून बोर्डिंगात असेपर्यंत मी घरचा एकही नाताळ पाहिला नाही. चौथ्या वर्षी आबा स्वतः आले. आदल्या दिवशीच निघून, अर्धं अंतर चालत, अर्धं कुणाच्या तरी गाडीत. मायनं फडक्यात गुळाच्या दशम्या बांधून दिल्या होत्या. आम्ही पांढरे झगे घालून दोन-दोनच्या रांगेनं आत आलो तेव्हा आबा शेवटच्या भिंतीला टेकून बसले होते, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. आम्ही चार गीतं म्हटली. बाहेर आल्यावर आबांनी माझ्या झग्याला हात लावून बघितला.

"लई देखणं झालं," ते म्हणाले. "पर शांतू, तुझा आवाज कुठं व्हता रे? म्या लई कान दिला."

मी मास्तरांचं वाक्य त्यांना ऐकवलं. ऐकू आला नाही म्हणजेच बरोबर होता, आबा. आबांनी फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, "व्हय का? मंग बरं झालं." त्यांनी दशम्यांचं फडकं माझ्या हातात दिलं आणि अड्ड्याकडं निघाले. तीस-पस्तीस मैल पोराचा आवाज ऐकायला आलेला माणूस तो न ऐकता परत गेला आणि मी त्याला शहाणपण शिकवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा आबांना दमा लागला होता. ओळ पुरी व्हायच्या आत खोकला यायचा. आणि पेरणीच्या आधीची बियाण्याची उपासना तोंडावर आली होती. ही आमच्या गावची पद्धत. मृग लागायच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरातली बाई बियाण्याची पाटी घेऊन प्रार्थनाघरात यायची. प्रत्येकीनं आपल्यातलं मूठभर मधल्या मोठ्या टोपल्यात टाकायचं, मग आबांनी बियाण्याचं गीत सांगायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं. गीत संपलं की टोपल्यातलं मिसळलेलं बी मूठ-मूठ परत वाटायचं आणि रानात पहिल्यांदा ते पेरायचं. ज्यांना स्वतःचं रान नव्हतं तेही दाराशी चार दाणे टाकायचे. या गीताची चाल आबांची सगळ्यात लाडकी. ती खालून सुरू व्हायची, आणि तिसऱ्या ओळीला एकट्या बाया वर जायच्या, पुरुष थांबायचे, ढोलकीही थांबायची. अक्का डोळे मिटून वरचा सूर धरायची. एवढं मला आठवतं. बाया वर जायच्या हे आठवतं. कशा जायच्या, कोणत्या सुरानं, ते आठवत नाही.

त्या रविवारी आबा उभे राहिले आणि म्हणाले, "माझा घसा गेला. आता आपलं पोरगं शिकून आलंय. गीत त्यो सांगंल." हेच गीत बोर्डिंगात हंगामाच्या सणाला म्हणायचे, शब्द तेच, चाल इंग्रजी. मी पुढं आलो. तेरा वर्षांचा, इस्त्रीचा सदरा. तोंड उघडलं आणि सेकंड बाहेर आला.

पहिली ओळ संपायच्या आत मला कळलं होतं. त्याच सुरावर पाच शब्द, अर्धी पायरी वर, परत खाली. पांडू मामाची ढोलकी दोन थापा देऊन अडखळली, तिला धरायला काही सापडेना. लोक एकमेकांकडं बघू लागले. मी थांबून आबांची जुनी चाल धरू शकलो असतो, तेव्हा ती मला येत होती. किंवा नुसतं म्हणू शकलो असतो, की ही चाल नव्हे, हा दुसरा आवाज आहे, मला तेवढाच येतो. पण ज्याला गाणं शिकायला धाडला तो चार वर्षांनी चाल न शिकताच आला, हे मी त्या आठ घरांसमोर कसं बोलणार? मी तसाच पुढं म्हणत राहिलो. आबा खाली मान घालून ऐकत होते. गीत संपल्यावर त्यांनी मान वर केली. "ही बोर्डिंगची चाल हाय," ते म्हणाले. "नीट ध्यान देऊन शिका समदे. आपली ती गावठी व्हती."

तीन संध्याकाळी मी त्यांना ती शिकवली. होय, शिकवली. दानिएल मास्तरांसारखा हातात काडी घेऊन. अक्काचा आवाज ओळीच्या शेवटी वळायचा तर मी तिला थांबवायचो, सरळ म्हण, सरळ. आबा खोकत खोकत माझ्यामागं म्हणायचे. आयुष्यभर चाली लावलेला माणूस माझ्यामागं सेकंड घोकत होता आणि मला वाटत होतं, चला, सुटलो, कुणाला काही कळलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. आवाज फुटल्यावर बिरूला कॉयरमधून काढलं आणि त्यानंतर त्याची कुणी विचारपूस केली नाही. एका रविवारी तो आकसलेली घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला, परत आला नाही. मी बोर्डिंगच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकलो, मुंबईला गेलो, तिथून कामाच्या परवान्याचं व्हाउचर मिळवून इंग्लंडला. मुंबईला निघालो तेव्हा आबा मला पोचवायला वेशीपर्यंत आले, इंग्लंडला निघालो तेव्हा त्यांना ओट्यावरून उठवत नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात नाइट शिफ्ट, एका खोलीत चौघं पंजाबी आणि मी, पॅराफिनच्या हीटरचा वास, रविवारी लाँड्रेटमध्ये कपडे धुणं. तिसऱ्या वर्षी घरून पत्र आलं, त्याला तीन आठवडे लागले होते. आबा गेले. खाली चुलतभावानं खुशीनं लिहिलं होतं, "कबरीवर सर्वांनी बियाण्याचे गीत तुम्ही शिकविलेल्या चालीवर म्हटले." मी ते पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि शिफ्टला गेलो. आबांना मातीत घालताना त्यांची स्वतःची चाल कुणी म्हटली नव्हती.

इथल्या चर्चच्या कॉयरमध्येही मी बरीच वर्षं होतो. डो-रे-मी येणारा हिंदुस्थानी फिटर म्हणून माझं कौतुक होतं. आता माझा आवाज जाड झाला होता, मी मागच्या रांगेत. हार्व्हेस्टच्या, म्हणजे सुगीच्या रविवारी हेच गीत इंग्रजीत आलं, तीच बोर्डिंगची चाल. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, मापाचा कोट, गळ्यात मोत्यांची माळ, माझा सेकंड म्हणत होती. तीच पाच शब्दांची सपाट ओळ. तिच्या बाजूनं, वरून, खालून तीन आवाज चालले होते, त्यात तिची ओळ किती शोभत होती. मी पुस्तक मिटलं आणि उरलेलं गीत म्हटलं नाही. आपण गावाला काय देऊन आलो ते मला तिथं, पन्नाशीत, नीट ऐकू आलं.

मधल्या काळात मी गावी गेलो, पण कधी हिवाळ्यात, कधी लग्नाला, दोन-चार दिवस. बियाण्याच्या उपासनेला मी मुद्दाम कधी गेलो नाही. गेल्या जूनमध्ये गेलो. बायको वारली होती, मुलगी म्हणाली, पपा, एकदा निवांत जाऊन या. चिकलठाण्याला विमान उतरलं, तिथून टॅक्सीनं थेट गाव. मातीच्या प्रार्थनाघराच्या जागी आता स्लॅबची इमारत आहे, आत पंखे, माईक, कीबोर्ड. पुढारपण अक्काच्या नातवाकडं, अनिलकडं. भला मुलगा आहे, गंगापूरला शाळेत नोकरी करतो. मी पोचलो त्या शुक्रवारी संध्याकाळी सराव चालला होता. अनिल माईकवर म्हणाला, "आता आपल्या आबांच्या चालीतलं बियाण्याचं गीत," आणि पंचवीस-तीस माणसांनी एका आवाजात माझा सेकंड सुरू केला. कीबोर्डवाल्यानं त्याखाली सिनेमातला ठेका लावला होता. अक्का नव्वदीच्या घरात आहे, पुढं खुर्चीत बसली होती आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणत होती. सरळ. ओळीच्या शेवटी कुठंही न वळता.

"आजोबा, तुम्हाला तर ही चाल घरचीच," अनिल मला म्हणाला. "आबांच्या वेळेपासून आम्ही बदलू दिलेली नाही."

शनिवारी दुपारी अक्का लिंबाखाली बाजेवर पडली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय. ती चाल आबांची नाही. ती चालच नाही. मला चाल येत नव्हती म्हणून मी तुम्हाला दुसरा आवाज शिकवला. हे वाक्य मी साठ-सत्तर वर्षं जुळवत होतो. अक्का हसली, दात नसलेल्या तोंडानं.

"मला काय सांगतो? म्या तिथंच व्हते ना."

"तुला माहीत होतं?"

"समद्यांला ठावं व्हतं. पांडू मामाला तर पयल्या वळीतच कळलं. त्यो म्हणला बी, पोरगं चुकतंय. तर तुझ्या बापानं, तू भाईर गेल्यावर, आमाला बसवलं. म्हणला, पोरगं म्हणंल तेच म्हणायचं. त्याच्या तोंडावर कुनी हासलं, कुनी चुकलं म्हणलं, तर माझ्या दारात पाय ठिवू नका. आन जुनी चाल आजपासून बंद. घरात बी म्हणायची नाय, जात्यावर बी नाय. त्याच्या कानावर पडली तर त्याला कळंल." ती दमली, पाणी प्यायली, पुन्हा बोलायला लागली, आणि आता तिच्या आवाजात राग होता. "तुझ्यापायी तुझ्या बापानं आमचं गानं मारलं, शांत्या. त्या चालीत बायांला हायेच काय म्हणायला? वर जायला जागाच नाय. दोन सालांत निम्म्या बाया पाट्या घिऊन यायच्या बंद झाल्या. माझी माय त्या साली आली ती शेवटचीच. म्हणायची, तिथं जाऊन काय, पाढे म्हणू? तुझी अब्रू ऱ्हायली. आमचं काय ऱ्हायलं?"

मी म्हणजे काय असा पोर होतो, की एका माणसानं माझी लाज झाकायला आठ घरांचं गाणं बंद करावं? मी जन्मभर समजत होतो की मी आबांना फसवलं. आबा फसलेच नव्हते. त्यांनी पहिल्या ओळीत सगळं ओळखलं, मान खाली घातली, आणि मान वर करेपर्यंत ठरवून टाकलं.

"अक्का," मी म्हटलं, "ती जुनी एकदा म्हण. फक्त तिसरी ओळ. बाया वर जायच्या ती."

ती उठून बसली. पदर सावरला. डोळे मिटले. तोंड उघडलं आणि माझा सेकंड बाहेर आला, सपाट, बिनचूक. ती थांबली. गुडघ्यावर थाप देऊन पुन्हा सुरू केलं, हात वर नेला, आवाज वर गेला नाही. तिसऱ्यांदा पहिल्यापासून म्हणत आली आणि त्या ओळीशी येऊन पुन्हा माझ्याच ओळीवर गेली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. घरात लपून का होईना, एखादीनं तरी ती जपली असेल, आणि ती अक्काच असेल, अशी आशा मी मनात धरून आलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

"त्यानं इसरा म्हणलं," ती म्हणाली, "आमी इसरलो." आणि तोंड फिरवून आडवी झाली. "जा, जेवून घी. सून वाट बघत असंल."

रविवारी उपासनेला प्रार्थनाघर भरलं होतं. पाट्या आता थोड्याच येतात, बाकीचे दुकानातली बियाण्याची पाकिटं आणतात, तीही टोपल्याजवळ ठेवतात. अनिलनं मला पुढं बोलावलं, माईक दिला आणि लोकांना सांगितलं की आबांच्या चालीचा खरा वारस आज आपल्यात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय करायला हवं होतं ते तुम्ही मला सांगू नका. दुसरी चाल माझ्याजवळ नव्हती, कुणाजवळच नव्हती. मी तीच सुरू केली.

घर कशाला म्हणायचं हे मी इतकी वर्षं इथल्या थंडीत बसून बऱ्याच गोड शब्दांत स्वतःला सांगितलं होतं. आता एवढंच सांगतो. माझी चूक जिथं माझ्या बापाच्या नावानं गातात आणि ती सुधारू शकेल असं एकही माणूस उरलेलं नाही, ते माझं घर आहे. दुसरं मला नाही. मी म्हणत होतो, सगळे म्हणत होते, लेकरंसुद्धा. अक्का पहिल्या रांगेत खुर्चीत बसली होती, मांडीवर बियाण्याची पाटी घेऊन, माझ्याकडं बघत. गीत संपेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.